जुनी सायकल दान करताय? आधी या चुका टाळा

न्यू जर्सीत आमच्या भागात दर वसंतात जुन्या सायकली गोळा होतात. शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये आम्ही नट सोडवायचे पाने घेऊन उभे असतो, लोक गाडीच्या डिकीतून सायकली उतरवतात. पुढे त्या कंटेनरमध्ये भरून घानाला, तेमा बंदरात जातात. तिथल्या कार्यशाळेत ठाकठीक झाल्या की काही विकल्या जातात, काही शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना मिळतात. नऊ वर्षं मी हे काम करतेय आणि दर वर्षी त्याच चुका बघतेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सायकलीची किंमत आपल्या गॅरेजमध्ये उभं राहून ठरवणं. एक मराठी गृहस्थ त्यांची रेसिंग सायकल घेऊन आले होते. घेतली तेव्हा बाराशे डॉलरची, वजनाला फुलासारखी. "एखाद्या हुशार मुलीलाच द्या हं," म्हणाले. मलाही फार आनंद झाला, मी ती स्वतःच्या हातानं कंटेनरात चढवली. काही महिन्यांनी तिथल्या मेकॅनिकनं फोटो पाठवला. सायकल भिंतीवर टांगलेली होती. मुलीला ती मिळाली होती, पण अकराव्या दिवशी पंक्चर झाली. तिच्या गावात रस्त्याकडेला झाडाखाली बसणारा दुरुस्तीवाला आहे. त्याच्याकडे पंप आहे, पॅच आहेत, सोल्युशन आहे. पण त्याच्या पंपाचं तोंड त्या बारीक व्हॉल्व्हला बसेना आणि तसला अरुंद टायर शहराशिवाय मिळेना. शिवाय दांडी उंच, अंगात शाळेचा स्कर्ट, कॅरिअर नाही म्हणून दप्तर पाठीवर. ती पुन्हा पायी जायला लागली.

त्या फोटोनंतर मी प्रत्येक सायकलीला एकच प्रश्न विचारते: झाडाखालच्या त्या माणसाला ही दुरुस्त करता येईल का? म्हणून आम्हाला आवडते ती साधी सायकल. २६ इंची चाकं, जाड टायर, मोटारीच्या चाकाला असतो तसला व्हॉल्व्ह, तारेचे ब्रेक. मडगार्ड, स्टँड आणि कॅरिअर असेल तर फारच छान. आणि खाली वाकलेल्या दांडीची लेडीज सायकल आली की मी ती आधी बाजूला काढून ठेवते. ऑइल ब्रेक, मागचे शॉकअप, अकरा गिअरची बारीक चेन हे सगळं इथेच विका आणि आलेले पैसे द्या. व्हॉल्व्ह बारीक असेल तर मी पितळी अडॅप्टर लावते आणि दुसरा एक छोट्या पिशवीत घालून सीटखाली बांधते. चार पैशांची वस्तू आहे, पण ती नसेल तर शाळा बुडते.

हे मी इतकं जिवाला लावून घेते, कारण सायकलीनं काय होतं हे दिसलेलं आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात झाली. पुढच्या अभ्यासात दिसलं की त्या वयाच्या मुलींचं शाळेत नाव घालण्याचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलं. झांबियात शाळेपासून तीन किलोमीटरहून लांब राहणाऱ्या मुलींना सायकली दिल्या, तर जाण्यायेण्याचा वेळ एक तृतीयांशानं कमी झाला आणि गैरहजेरी २७ टक्क्यांनी घटली. आपल्याकडे महाराष्ट्रातही सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. पण या सगळ्या नव्या सायकली होत्या. बिहारच्या मुलींनी तर त्या जवळच्याच दुकानातून घेतल्या, तिथेच त्यांचे सुटे भाग मिळत होते. आपण जुनी पाठवतो, तेव्हा तीही तिथे दुरुस्त होईल याची काळजी आपणच घ्यायला हवी.

आता पायडल. चाळीस फुटी कंटेनरात चार-पाचशे सायकली बसवायच्या तर हँडल चाकाच्या रेषेत वळवून पायडल काढावीच लागतात, नाहीतर ती शेजारच्या सायकलीच्या तारांत घुसतात. आणि इथेच उतावळी मंडळी घोटाळा करतात. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. हे मी सकाळी सगळ्यांना सांगते आणि दहा मिनिटांत कुणीतरी विसरतं. मागच्या वर्षी एक कॉलेजचा मुलगा डावं पायडल नेहमीच्या दिशेनं सोडवत होता, म्हणजे खरं तर आवळत होता. "काकू, जाम झालंय, पाइप आणतो." मी "अरे, थांब!" म्हणेपर्यंत पान्यात पाइप घालून त्यानं अंगाचा सगळा भार टाकला. क्रॅंकचे, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे साफ गेले. सायकल बाकी सगळी उत्तम होती, लेडीज, २६ इंची. दुसरा क्रॅंक मिळायला पाच आठवडे लागले, तोवर कंटेनर निघून गेला. कुणा मुलीचं वर्ष त्या पाइपापायी गेलं असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी सवय साधी आहे. पायडलला १५ नंबरचा पाना असा लावायचा की दांडा वर राहील, आणि तो सायकलीच्या मागच्या चाकाकडे ढकलायचा. डावं असो की उजवं, दोन्ही असेच सुटतात. घट्ट असेल तर आदल्या रात्री आट्यांवर तेल सोडा आणि सकाळी या. घाईत काढायचं असेल तर काढूच नका, आम्ही काढू. काढलेली दोन्ही पायडल मागे कॅरिअरला किंवा फ्रेमला तारेनं घट्ट बांधा. खिशात टाकलेलं पायडल परत येत नाही.

सायकल पूर्ण खोलून खोक्यात आणू नका. बेअरिंगमधले छर्रे हरवतात.

चेनला खाण्याचं तेल घालू नका. त्यावर धूळ चिकटून गोंद होतो.

दोन वर्षं अंगणात पावसात पडलेली, पुढचं चाक धरणारा चिमटा गंजानं खाल्लेली सायकल रंग मारून आणणारेही येतात. रंगाखालचा गंज आम्हाला दिसतोच आणि ती आम्ही परत पाठवतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बारा इंची बाळसायकलसुद्धा शेजाऱ्यांना द्या, शाळेत जाणाऱ्या मुलीला ती पुरत नाही.

"दान करतोय, वर पैसे कशाला?" हेही दर वेळी ऐकते. कंटेनरच्या भाड्याला आणि तिथल्या जकातीला हजारो डॉलर लागतात, म्हणून सायकलीबरोबर थोडी रक्कम मागतो. ती शक्य नसेल तर नुसती सायकल द्या, पण चांगली द्या. आणि आधी चौकशी करा. वर्ल्ड बायसिकल रिलीफसारखी संस्था जुन्या सायकली घेतच नाही, नव्याच जोडून देते. तिला पैसेच हवे असतात.

कुलूप देत असाल तर किल्ली त्याच कुलपाला बांधून द्या. मागच्या खेपेला सात कुलपं बिनकिल्लीची आली. ती कापण्यात आमची अख्खी दुपार गेली, आणि तेवढ्या वेळात दहा सायकलींची पायडल काढून झाली असती.