परवान्याचे पिस्तूल जवळ असताना अमेरिकेत पोलिसांशी कसे वागावे

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी माणसांनी स्वसंरक्षणासाठी पिस्तूल लपवून बाळगण्याचा परवाना घेतला आहे किंवा घेण्याचा विचार चालवला आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. परवान्याच्या वर्गात नेमबाजी शिकवली जाते आणि कायद्याची कलमेही समजावून दिली जातात. मात्र बहुतेक परवानाधारकांच्या वाट्याला पिस्तूल वापरण्याचा प्रसंग कधीच येत नाही, तर वेग जास्त होता किंवा मागचा दिवा बंद होता म्हणून पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावण्याचा प्रसंग हमखास येतो. त्या वेळी दोन सशस्त्र माणसे समोरासमोर आलेली असतात आणि त्यांपैकी एकाला दुसऱ्याविषयी काहीही ठाऊक नसते. पोलिसाला कोणत्याही क्षणी दचकण्याचे कारण मिळू नये, हे पुढच्या सर्व सूचनांचे मूळ आहे.

पिस्तुलाला हात लावण्याआधी आपला व्हिसा कोणता आहे ते पाहावे. एच-वन बी, एल-वन, एफ-वन यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार-परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू होत नाही, पण बंदुकीसंबंधीचा गुन्हा सिद्ध झाल्यास त्याला देशाबाहेर घालवता येते, त्यामुळे नागरिकाला जी चूक दंडावर भागते ती ग्रीन कार्डधारकाला घरदार गमावायला लावू शकते. पती नागरिक आणि पत्नी एच-वन बीवर असेल, तर पतीचे पिस्तूल पत्नीच्या ताब्यात आहे असा अर्थ निघेल अशा रीतीने ते गाडीत किंवा घरात ठेवू नये. याबाबत एकदा स्थलांतर-कायद्याच्या वकिलाचा सल्ला घेणे हा खर्च नव्हे, संरक्षण आहे.

यानंतरचा प्रश्न असा की, पिस्तूल जवळ आहे हे पोलिसाला आपण होऊन सांगायचे की विचारल्यावर सांगायचे. याचे उत्तर राज्यागणिक बदलते. मिशिगनमध्ये पोलिसाने थांबवताच, त्याने विचारण्याची वाट न पाहता, सांगणे बंधनकारक आहे; न सांगितल्यास पहिल्या वेळी ५०० डॉलर दंड होतो आणि परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित होतो. नॉर्थ कॅरोलायनात पोलीस जवळ आला किंवा बोलू लागला की परवाना असल्याचे आणि शस्त्र जवळ असल्याचे सांगावे लागते. न्यू जर्सीनेही २०२२च्या अखेरीस केलेल्या कायद्यात थांबवले जाताच माहिती देण्याचे आणि परवाना दाखवण्याचे बंधन घातले. ओहायोत असेच बंधन होते, पण १३ जून २०२२ पासून तेथे पोलिसाने विचारल्यावर खरे सांगणे एवढेच उरले आहे. इलिनॉयमध्येही विचारल्यावर सांगावे लागते. टेक्सासमध्ये पोलिसाने ओळखपत्र मागितले की परवानाधारकाने वाहन-परवान्याबरोबर पिस्तुलाचा परवानाही दाखवावा, असा नियम आहे. ओहायोच्या उदाहरणावरून दिसते की हे नियम बदलत राहतात. म्हणून परवान्याच्या वर्गात काही वर्षांपूर्वी ऐकलेल्या माहितीवर विसंबून न राहता, आपल्या राज्याच्या पोलीस खात्याच्या किंवा अ‍ॅटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर आजचा नियम वाचून घ्यावा.

जेथे आपण होऊन सांगण्याचे बंधन नाही तेथे काय करावे, याविषयी अनुभवी माणसांतही मतभेद आहेत. माझे मत असे आहे की, खिडकीतून कागद देऊन दोन मिनिटांत विषय संपणार असेल तर सांगणे न सांगणे आपल्या मर्जीवर आहे; परंतु गाडीतून उतरायला सांगितले गेले, किंवा कागद काढताना आपला हात पिस्तुलाच्या आसपास जाणार असेल, तर सांगितलेच पाहिजे. विचारल्यावर खोटे तर कुठल्याच राज्यात बोलू नये. काही राज्यांत गाडीच्या क्रमांकावरूनच मालकाकडे परवाना असल्याचे पोलिसाला त्याच्या संगणकावर आधीच दिसलेले असते.

आता प्रत्यक्ष थांबवले जाण्याविषयी. खरी तयारी घरातून निघण्यापूर्वी होते आणि ती कागद कुठे ठेवायचे याची असते. उजव्या हाताने काम करणारा माणूस पिस्तूल बहुधा उजव्या कमरेला, किंचित मागच्या बाजूस लावतो, आणि त्याचे पैशांचे पाकीटही पँटच्या उजव्या मागच्या खिशात असते. याचा परिणाम असा होतो की वाहन-परवाना काढण्यासाठी त्याचा हात जो मार्ग घेतो, तोच मार्ग पिस्तूल काढणाऱ्या हाताचाही असतो, आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या पोलिसाला या दोन हालचालींतला फरक कळण्याचा काही उपाय नसतो. म्हणून वाहन-परवाना व पिस्तुलाचा परवाना एकत्र, डाव्या बाजूला किंवा सन व्हायझरवरच्या पाकिटात ठेवावेत. रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचे कागद ग्लव्ह बॉक्समध्ये असतील, तर त्या कप्प्यात पिस्तूल कधीही ठेवू नये. कागदांसाठी झाकण उघडले आणि आत पिस्तूल दिसले, यापेक्षा वाईट क्षण शोधून सापडणार नाही.

मागे निळे-लाल दिवे दिसताच इंडिकेटर देऊन उजवीकडे सुरक्षित जागी थांबावे, इंजिन बंद करावे, खिडकीच्या काचा खाली कराव्यात आणि रात्र असल्यास गाडीतला दिवा लावावा. दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या भागावर, बोटे पसरून ठेवावेत. पोलीस येईपर्यंत कागद शोधत वाकू नये आणि सीटबेल्टही काढू नये, कारण मागून चालत येणाऱ्या माणसाला फक्त खांद्यांची हालचाल दिसते. गाडीतून खाली मात्र उतरूच नये. आपल्याकडे नाकाबंदीत हवालदाराने हात केला की चालक खाली उतरतो, कागदपत्रे घेऊन त्याच्याकडे चालत जातो आणि नम्रपणे दोन शब्द बोलतो; तेथे तो शिष्टाचार आहे. अमेरिकेत न सांगता उतरून पोलिसाकडे चालत जाणे ही हल्ल्याची तयारी समजली जाऊ शकते, आणि पुण्या-नागपुरात वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला ही सवय मोडायला खरोखर प्रयत्न करावा लागतो.

पोलीस खिडकीशी आला की अभिवादन करून, हात न हलवता, शांत आवाजात सांगावे: ‘ऑफिसर, आय हॅव अ कॅरी परमिट अँड आय अ‍ॅम कॅरिंग. हाउ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?’ ‘आय हॅव अ गन’ अशी सुरुवात करू नये. रस्त्यावरच्या गोंगाटात त्यातला शेवटचा शब्दच ऐकू जातो आणि पोलिसाच्या जोडीदाराला तर तो धोक्याचा इशारा वाटू शकतो. यापुढे प्रत्येक हालचालीआधी बोलावे, उत्तर ऐकावे आणि मगच सावकाश हलावे: परवाना डाव्या खिशात आहे, मी डावा हात तिकडे नेऊ का, असे विचारून होकार मिळेपर्यंत हात स्टिअरिंगवरच राहू द्यावा. दोन पोलीस परस्परविरुद्ध आज्ञा देऊ लागले, तर काहीही न करता स्थिर राहून, मला दोन वेगळ्या आज्ञा ऐकू येत आहेत, कोणती पाळू, असे स्पष्ट विचारावे.

६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटातील फॅल्कन हाइट्स येथे फिलँडो कॅस्टील यांची गाडी थांबवण्यात आली. ते बत्तीस वर्षांचे कृष्णवर्णीय होते, सेंट पॉलमधील एका शाळेच्या भोजनगृहात काम करत होते आणि त्यांच्याकडे पिस्तुलाचा वैध परवाना होता. त्यांनी विम्याचा कागद दिला आणि आपल्याजवळ बंदूक असल्याचे सभ्यपणे सांगितले. ती बाहेर काढू नका, असे अधिकाऱ्याने म्हटले. आपण ती काढत नाही, असे कॅस्टील यांनी उत्तर दिले. आणि काही सेकंदांत अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. जून २०१७ मध्ये ज्यूरीने त्या अधिकाऱ्याला निर्दोष ठरवले. कॅस्टील यांनी चूक केली असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी जे सांगायला हवे ते सांगितले होते, आणि ज्याच्या त्वचेचा रंग पोलिसाला आधीच संशयास्पद वाटतो त्याच्यासाठी हे सर्व नियम पाळूनही धोका उरतो, हे मनावर दगड ठेवून मान्य करावे लागते. सावळ्या रंगाच्या भारतीय माणसाने या बाबतीत स्वतःला वेगळे समजू नये. आपल्या हातात एवढेच आहे की शस्त्राचा उल्लेख करताना हात दिसत असावेत, आणि ‘काढू नका’ असे ऐकताच हात जेथे असतील तेथेच थांबावेत, मग ते परवाना काढण्यासाठी का निघालेले असेनात.

पोलीस काही काळासाठी पिस्तूल ताब्यात घेऊ शकतो. टेक्सासच्या कायद्यात परवानाधारकाच्या, स्वतःच्या किंवा इतरांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास तसे करण्याचा अधिकार पोलिसाला स्पष्टपणे दिला आहे, आणि धोका नाही असे दिसल्यास व काही गुन्हा आढळला नसल्यास परवानाधारकाला जाऊ देण्यापूर्वी ते परत करण्याचे बंधनही घातले आहे. अशा वेळी पिस्तूल आपल्या हाताने काढून देऊ नये. ‘द्या’ असे म्हटले गेले तरी, ते उजव्या कमरेला होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) आहे, चेंबरमध्ये (झाडण्याच्या जागी) गोळी आहे, आपण स्वतः काढून घ्याल का, असे विचारावे. परत देताना मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरण्याची पेटी, वेगळे करून दिले जाण्याची शक्यता असते. ते तेथेच भरू नये, पोलिसाची गाडी निघून जाईपर्यंत सारे बाजूच्या सीटवर किंवा डिकीत राहू द्यावे. उतरायला सांगितले तर हुज्जत न घालता उतरावे, कारण चालकाला खाली उतरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या मिम्स खटल्यात मान्य केला आहे. झडतीची गोष्ट वेगळी आहे. पोलिसाने संमती विचारली तर ‘आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च’ असे शांतपणे म्हणता येते आणि म्हणावे; तरीही झडती घेतली गेली तर अंगाने विरोध करू नये. ती बेकायदा होती की नाही हे न्यायालयात ठरते, आणि तेथे आपले हे एक वाक्य कामी येते.

गाडीत घरचे लोक असतील तर त्यांना हे सर्व आधीच सांगून ठेवावे लागते, विशेषतः भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना. पोलीस दिसताच बाबा दार उघडून समजावून सांगायला निघतात, आणि आई पासपोर्ट दाखवावा म्हणून मागच्या सीटवर पर्समध्ये हात घालते. दोन्ही गोष्टी निव्वळ सद्‌भावनेने होतात आणि दोन्ही धोकादायक आहेत. हात मांडीवर दिसतील असे ठेवा, काही काढू नका, बोलायचे मी बोलेन, इतके त्यांना प्रवासाआधी सांगावे. पोलीस खिडकीशी असताना आपापसांत मराठीत पुटपुटणेही टाळावे. आईला काही सांगायचेच असेल, तर आईला इंग्रजी येत नाही, मी तिला मराठीत हात दिसतील असे ठेवायला सांगतो, असे पोलिसाला आधी सांगावे.

राज्याची सीमा ओलांडताना जास्तीत जास्त सावध राहावे. फिलाडेल्फियाच्या शनीन अ‍ॅलन यांच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यू जर्सीत त्यांची गाडी थांबवली गेली, त्यांनी प्रामाणिकपणे पिस्तूल असल्याचे सांगितले, आणि न्यू जर्सी इतर राज्यांचे परवाने मानत नसल्यामुळे त्यांना अटक झाली. २०१५ मध्ये राज्यपाल क्रिस ख्रिस्ती यांनी माफी दिली तेव्हा ते प्रकरण पूर्णपणे मिटले. न्यू जर्सीतल्या एडिसनला गणपतीसाठी पेनसिल्व्हेनियातून जाणाऱ्या परवानाधारकाने हे प्रकरण लक्षात ठेवून पिस्तूल घरीच कुलपात ठेवून निघावे, हे उत्तम. केवळ राज्य पार करून पुढे जायचे असेल, तर पिस्तूल रिकामे, कुलूपबंद पेटीत, काडतुसांसह डिकीत ठेवल्यास केंद्रीय कायद्याचे काही संरक्षण मिळते, पण निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी ते बाळगणे कायदेशीर असावे लागते.

शेवटचा प्रसंग दुर्मीळ आहे, पण सर्वांत घातक आहे: आपल्याला पिस्तूल वापरावे लागले आणि पोलीस येत आहेत. २१ जून २०२१ रोजी कोलोरॅडोतील अर्व्हाडा येथे जॉनी हर्ली यांनी पोलिसाला ठार मारणाऱ्या हल्लेखोराला गोळी घातली आणि त्याची रायफल उचलली; तेवढ्यात आलेल्या दुसऱ्या पोलिसाने त्यांनाच हल्लेखोर समजून गोळी झाडली आणि ते मरण पावले. धोका टळताच पिस्तूल होल्स्टरमध्ये घालावे, दुसऱ्याच्या शस्त्राला हात लावू नये, नऊशे अकरा या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून आपले नाव, कपड्यांचा रंग आणि आपण तक्रारदार असल्याचे सांगावे व फोन चालूच ठेवावा. पोलीस आल्यावर हात वर ठेवून म्हणतील ते करावे. बेड्या घातल्या तरी तो अपमान समजू नये. माझ्यावर हल्ला झाला, हल्लेखोर कोण आणि कुठे आहे, साक्षीदार कोण, इतके सांगून झाले की ‘आय विल को-ऑपरेट फुली, बट आय वॉन्ट टू स्पीक टू माय लॉयर फर्स्ट’ असे स्पष्ट शब्दांत म्हणावे. नुसते गप्प बसणे पुरत नाही. मौनाचा हक्क आपण वापरत आहोत हे बोलून सांगावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये टेक्सासच्या सॅलिनास खटल्यात म्हटले आहे. वकिलाचा दूरध्वनी क्रमांक परवान्याच्याच पाकिटात कागदावर लिहून ठेवावा, कारण मोबाइल तोपर्यंत पुरावा म्हणून जमा झालेला असू शकतो.