मंदिर ट्रस्टमध्ये दोन गट पडले तर आधी दप्तर बघा

खान्देशात गावच्या विठ्ठल मंदिराचं भांडण बहुधा सप्ताहाच्या तोंडावर पेटतं. काल्याचं कीर्तन कोणाला द्यायचं, विण्याच्या पहाऱ्याची यादी कोणी लावायची, पंगतीचा मान कोणाच्या भाऊबंदकीला. दिसायला मानापान, पण खरी ओढाताण दानपेटीची किल्ली, बँकेतली सही आणि सभासद यादी यांची असते.

सगळ्यात आधी जळगाव किंवा धुळ्याच्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा (ट्रस्टच्या नोंदवहीचा) उतारा काढा. नोंदीवर विश्वस्त कोण, हे तिथेच कळतं. पुष्कळदा निम्मी नावं वारलेल्यांची निघतात, कारण निवडी झाल्या पण बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करून घ्यायचा अर्ज) गेलाच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत द्यावा लागतो. मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज कारणासह सोबत लावा. मागचा बदल अर्ज पडून असेल तर पुढचाही अडकतो, म्हणून जुन्यापासून सुरुवात करा.

अर्ज सर्वांत जास्त आपटतात ते सभेच्या नोटिशीवर. किती दिवस आधी नोटीस द्यायची ते ट्रस्टच्या घटनेत किंवा योजनेत (ठरवून दिलेल्या कारभाराच्या नियमांत) बघा. पाठवल्याचा आणि सभेचा दिवस सोडून मोजा. विरोधी गटाला तर नोटीस हटकून द्या, तीही पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने. पाकीट नाकारून परत आलं तर फोडू नका, तसंच दप्तरात ठेवा. घटनेत सोय नसताना व्हॉट्सॲपवरच्या निरोपावर विसंबू नका. निवडीचा विषय नोटिशीत स्पष्ट लिहा. ‘ऐनवेळचे विषय’ या नावाखाली विश्वस्त निवडले की समोरच्याला आयता मुद्दा मिळतो.

प्रोसिडिंग बुकाला (सभेचे ठराव लिहायच्या वहीला) पानांचे आकडे घाला. ठराव संपला की उरलेल्या जागेवर तिरपी रेघ ओढा आणि लगेच खाली सह्या घ्या. ‘सह्या करून ठेवा, ठराव मागून लिहू’ असं कोणी म्हणालं तर पेन खाली ठेवा. नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, वारलेल्यांचे मृत्यू दाखले आणि पद सोडलेल्यांचे राजीनामे त्याच आठवड्यात गोळा करा. मागून कोणी देत नाही.

दानपेटीला दोन कुलपं, एकेका गटाकडे एकेक किल्ली. पेटी पंचांसमोर उघडा, नोटा मूल्यानुसार मोजून पंचनामा करा, रक्कम शक्यतो त्याच दिवशी बँकेत भरा. दादर (ज्वारी), गहू असं धान्य आलं तर वजन आणि विक्रीची पावती लिहाच, ओरड तिथूनच होते. एका गटाने बँकेला तक्रार दिली की खातं थांबू शकतं आणि पुजाऱ्याचं मानधन, वीजबिल लटकतं. तेव्हा दोन्ही गटांची एकेक सही असा तात्पुरता ठराव करून ठेवा. हे सहसा पटतं, कारण गाभाऱ्यात अंधार कोणालाच नको असतो.

जमिनीला हात लावू नका. विक्री, अदलाबदल, बक्षीस किंवा शेतजमिनीचा दहा वर्षांवरचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय चालत नाही (कलम ३६).

बोलणी फिसकटलीच तर कारभारासाठी निर्देश मागायला कलम ४१-अ, मालमत्ता उधळली जात असेल तर मनाईसाठी ४१-ई, विश्वस्त काढायला ४१-ड. शेवटचं लांबतं आणि गैरव्यवहाराचा कागदी पुरावा मागतं. रागाच्या भरात तिथून सुरुवात करू नका. बदल अर्जाच्या निकालावर अपील ६० दिवसांत, नाशिकला सहधर्मादाय आयुक्तांकडे.

पण सप्ताह सुनावणीच्या तारखेसाठी थांबत नाही. यंदापुरती वाटणी लिहून घ्या: पहारे आलटूनपालटून, काल्याचे महाराज दोघांच्या संमतीने, हिशोब तिसऱ्या माणसाकडे. खाली एक ओळ न विसरता घाला, ‘या व्यवस्थेने कोणाच्याही हक्काला बाध येणार नाही’. ती नसली की पुढच्या वर्षी हाच कागद वहिवाटीचा पुरावा म्हणून पुढे येतो. सह्या झाल्या की एक प्रत पोलीस पाटलांकडे, एक ठाण्यात द्या.