हलकी पेडल स्टील घेऊन स्टेजवर जाताय? या चुका टाळा

पेडल स्टील म्हणजे पायांवर उभी केलेली आडवी गिटार: तारांवर धातूचा बार सरकवायचा आणि पायाखालच्या पेडलांनी व गुडघ्याजवळच्या लीव्हरांनी तारांचे स्वर बदलायचे. जुन्या डबल नेक, म्हणजे दोन गळ्यांच्या, पेडल स्टीलचं धूड केससकट तीस किलोच्या आसपास भरतं. कार्यक्रम संपल्यावर मध्यरात्री ते गाडीपर्यंत ज्याने वाहिलंय, त्याला एका गळ्याची, दहा तारांची, निम्म्या वजनाची आणि खिशाला परवडणारी गिटार का हवीशी वाटते हे सांगायला नको. पुण्यात मी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचो, त्यामुळे बार हातात बसलेला होता. टेक्सासला आल्यावर पाय आणि गुडघे मात्र नव्याने शिकवावे लागले. आता इथल्या डान्स हॉलमध्ये कंट्री बँडबरोबर वाजवतो, तेही अशाच हलक्या गिटारवर. स्वस्त आणि हलकी म्हणजे कमअस्सल, हे मला मुळीच मान्य नाही. पण जड गिटारचं वजन काही कामं गुपचूप करत असतं. वजन गेलं की ती कामं आपल्या अंगावर येतात, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

गिटार थेट फरशीवर मांडणं

गुडघ्याने लीव्हर आडवी ढकलायची असते. गुळगुळीत लाकडी फ्लोअरवर हलकी गिटार त्या धक्क्याने तसूतसूने सरकते. चार गाणी होईतो लीव्हर गुडघ्यापासून दोन बोटं लांब गेलेली असते आणि आपण म्हणतो, आज हात का बसत नाही. खालून रबर असलेली मॅट न्या. गिटारचे चारही पाय, व्हॉल्यूम पेडल आणि आपलं आसन, सगळं त्या एकाच मॅटवर हवं.

गिटारचे पाय हाताने फिरवून घट्ट बसवा, पकड लावू नका. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गिटार डुगडुगायची थांबत नाही. पेडल आणि गिटार जोडणाऱ्या सळ्यांना रंगीत टेप लावून ठेवा, अंधारात कुठली कुठे ते कळतं. एक जादा सळी जवळ असू द्या.

ट्यूनरची सुई मधोमध आणून मोकळं होणं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ई-नाइन या नेहमीच्या लावणीतल्या दहाही तारा ट्यूनरप्रमाणे काटेकोर लावल्या, तरी कॉर्ड बोचरा लागतो. तंबोऱ्यापुढे हार्मोनियमचा गांधार चढा वाटतो ना, तेच हे दुखणं. ई हा षड्ज धरला तर जी शार्प हा गांधार. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार ट्यूनरच्या गांधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरा असतो. तिसरी आणि सहावी तार त्या दिशेने खाली आणा. ए आणि बी नावाची दोन पेडलं दाबली की षड्ज ए स्वरावर जातो आणि बी स्वराची तार चढून झालेला सी शार्प गांधार बनतो. तोही तसाच उतरवायचा. बँडमध्ये कीबोर्ड असेल तर मी आठ-दहा सेंटवर थांबतो, नाहीतर दोघांचं भांडण ऐकू येतं. आपल्याकडे गाण्यात कान तयार झालेल्या माणसाला हे लावणं फार लवकर जमतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट बॉडीची. पेडल दाबलं की ताणाने ती किंचित वाकते आणि ज्या तारांचा त्या पेडलशी संबंधच नाही त्याही उतरतात. जड गिटारही यातून पूर्ण सुटत नाही. चौथी तार छेडा आणि सुईकडे बघत ए-बी दाबा. समजा ४ सेंट उतरली, तर मोकळी तार २ सेंट चढी लावा. फरक दोन्हीकडे वाटला गेला की कानाला खुपत नाही.

नायलॉनचा नट आवळत बसणं

लक्षण असं: मोकळी तार नीट लावली, पेडल दाबून सोडलं, की परत आलेला स्वर भलताच. लोक खुंटीला दोष देतात. खरं तर गिटारच्या टोकाचा, पेडलचा स्वर लावायचा नायलॉन नट इतका आवळलेला असतो की चेंजरचं (तार ओढणाऱ्या यंत्रणेचं) बोट आपल्या मूळ जागी टेकतच नाही. नट सैल करत जा. मोकळ्या तारेचा स्वर हलायचा थांबला की बोट टेकलं. आता आधी मोकळी तार लावा आणि मग पेडल दाबून नट हळूहळू फिरवा. क्रम नेहमी हाच.

ऊन-वाऱ्याचंही भान ठेवा. इथल्या न्यू ब्रॉनफेल्सच्या १८७८ सालच्या ग्रीन (Gruene) या डान्स हॉलमध्ये अजून एसी नाही. गार गाडीतून अशा ठिकाणी आणलेली गिटार अर्धा तास केसबाहेर ठेवा, मगच सुराला हात लावा.

तिसरी तार तुटेपर्यंत वाजवणं

जी शार्पची ही तार .०११ इंच जाडीची, सर्वांत बारीक. बी पेडल तिला दर वेळी ए पर्यंत ओढतं आणि ती चेंजरच्या वळणावरच तुटते. माझी एकदा संथ गाण्याच्या ऐन सोलोत गेली. सहावी तारही जी शार्पचीच आणि त्याच पेडलने चढणारी, म्हणून तीच ओळ एक सप्तक खाली वाजवून निभावली. तेव्हापासून मोठ्या कार्यक्रमाआधी ती बदलतोच, आणि तीन-चार सुट्या तारा आसनाच्या पेटीत असतात. नवी तारही पुन्हापुन्हा लवकर तुटत असेल तर चेंजरच्या बोटावर चर पडलाय का ते बघा.

व्हॉल्यूम पेडल तळापर्यंत दाबून सुरुवात

स्वर छेडताना पेडल अर्ध्यावर असू द्या. स्वर विरायला लागला की तेवढ्या वेगाने पुढे दाबत जा, मग तो लांबतो. आधीच तळाला असाल तर पुढे द्यायला काही उरत नाही. निऑन दिव्याजवळ सिंगल कॉइल पिकअप घोंघावत असेल तर ॲम्पची बटणं फिरवण्याआधी गिटारची दिशा थोडी बदलून बघा.

पैसे वाचवायला लीव्हर कमी घेणं

वजन कमी घ्या, रंगरूप साधं घ्या, पण तीन पेडलं आणि चार लीव्हर हव्यातच. ई ला एफ पर्यंत चढवणारी आणि डी शार्पपर्यंत उतरवणारी, या दोन लीव्हरवाचून बँडबरोबर दुसऱ्याच गाण्याला अडाल.