एमजीबी तापते तेव्हा या चुका टाळा

एप्रिलच्या दुपारी पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला तापमानाचा काटा वर सरकू लागला, की जुन्या स्पोर्ट्स कारचा मालक बहुधा दुसऱ्याच दिवशी नाना पेठेत रेडिएटरची चौकशी करायला निघतो, आणि पहिली चूक तिथेच होते. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे १७९८ सीसीचे ओतीव लोखंडी इंजिन दणकट आहे. ते विनाकारण तापत नाही. त्यामुळे गाडी नेमकी केव्हा तापते, हे आधी पाहावे. सिग्नलला तापून मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर हवा कमी पडते आहे: फॅनबेल्ट सैल आहे, नंतर बसवलेला विजेचा पंखा उलटा फिरतो आहे किंवा (हे रॅलीनंतर हमखास दिसते) हौसेने लावलेली पाटी आणि जादा दिवे यांनी जाळी अडवली आहे. उलट, शहरात निमूट चालणारी गाडी खंबाटकीचा घाट चढताना तापत असेल, तर पाणी पुरेसे फिरत नाही किंवा इंजिनच जास्त उष्णता निर्माण करत आहे.

दुसरी चूक काट्यावर आंधळा विश्वास ठेवण्याची. विजेवर चालणारा काटा असलेल्या एमजीबींमध्ये तापमानाच्या आणि पेट्रोलच्या काट्यांना व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून सुमारे १० व्होल्ट मिळतात. त्याचे अर्थिंग गंजले, की दोन्ही काटे जास्त दाखवतात. मी स्वतः रेडिएटर उतरवून साफ करून घेतल्यावर टाकी अर्धी असताना काटा भरलेली दाखवतो हे लक्षात आले; दोष एका स्क्रूखालच्या गंजाचा होता.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. त्याने रेडिएटरची क्षमता वाढत नाही. थंडीच्या सकाळी मात्र इंजिन बराच वेळ गार राहते, चोक (गार इंजिनासाठी पेट्रोल वाढवणारी खुंटी) जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो आणि झीज वाढते. संशय असल्यास थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात तापवून थर्मामीटरने तपासावा. उष्ण हवामानासाठी ७४ अंशांचा थर्मोस्टॅट मिळतो, पुण्यात तोच बसवावा.

बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्यातील क्षार नळ्यांत जमतातच, शिवाय गंजाचा गाळ ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) मागच्या भागात साचतो, आणि नवा रेडिएटर बसवूनही शेवटचा सिलिंडर तापत राहतो. ब्लॉकचा ड्रेन उघडल्यावर पाणी येत नसेल, तर तारेने गाळ मोकळा करावा आणि ब्लॉक उलट दिशेने धुवावा. नंतर डिस्टिल्ड वॉटर व कूलंट निम्मे-निम्मे घालावे. कूलंट जास्त घातल्यास उष्णता वाहून नेण्याची शक्ती उलट घटते.

आता पेट्रोलकडे वळू, कारण हा प्रश्न नवा आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमधील २० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलमुळे एसयू कार्ब्युरेटरमध्ये जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) तसेच ठेवल्यास मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. प्लग पांढरट दिसत असतील, तर जेट नट थोडे खाली घेऊन मिश्रण दाट करावे. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडले असले किंवा ती वेळ पुढे आणणाऱ्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा पडदा फाटला असला, तरीही उष्णता वाढते. ही तपासणी अर्ध्या तासाची असूनही ती शेवटी केली जाते.

रेडिएटरच्या जुन्या ७ पौंड दाबाच्या कॅपऐवजी १३ पौंड दाबाची कॅप लावल्याने उकळणे लांबते, पण मूळ दोष तसाच राहतो आणि जुन्या रेडिएटरचे सांधे मात्र सुटू शकतात.

घाटात काटा लाल रेषेकडे गेलाच, तर हीटर पूर्ण उघडावा आणि सुरक्षित जागी गाडी थांबवावी. इंजिन पूर्ण निवेपर्यंत कॅपला हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो. नंतर थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली चकती) गेल्याची दाट शक्यता आहे; अशा वेळी गाडी चालवत न्यायच्या ऐवजी टोइंगने गॅरेजला न्यावी.