जुना मोबाईल मंदावला असेल तर काय करावे

‘मोबाईल भलता हळू चालस,’ अशी तक्रार घेऊन मामा अमळनेरजवळच्या त्यांच्या गावाहून आमच्याकडे आले, तेव्हा मे महिन्यातील दुपार होती आणि त्यांचा पाच वर्षांचा फोन शर्टाच्या खिशात, मोटारसायकलवरच्या तासाभराच्या उन्हात चांगलाच भाजून निघालेला होता. नवीन फोन घेण्याचा विचार त्यांनी जवळजवळ पक्का केला होता. त्यांच्या फोनवर आम्ही ज्या क्रमाने काम केले, तोच क्रम येथे देत आहे. कारण फोन मंदावण्याची कारणे निरनिराळी असतात आणि आपल्या फोनला त्यांतले कोणते लागू आहे हे न पाहता सगळेच उपाय करत सुटल्यास वेळ तेवढा जातो.

सर्वप्रथम उष्णतेचा विचार करावा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तर आयफोन वापरण्यासाठी ॲपलने सांगितलेली हवेच्या तापमानाची कमाल मर्यादा 35 अंश सेल्सिअस आहे. फोन तापला की त्यातील प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो, पडदा मंद होतो आणि कधी कधी चार्जिंगही थांबते. म्हणून तोच फोन पहाटेच्या गारव्यात वापरून पाहावा. सकाळी तो नीट चालत असेल आणि दुपारीच अडखळत असेल, तर दोष उन्हाचा आहे. अशा वेळी जाड कव्हर काढून फोन सावलीत, पंख्याखाली ठेवावा आणि निवेपर्यंत चार्जिंगला लावू नये. तो फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण बाहेर काढल्यावर त्यात दव साचते आणि ओलाव्याने होणारे नुकसान उष्णतेपेक्षा महागात पडते.

मामांचा फोन निवला तरी सुस्तच होता. तेव्हा आम्ही स्टोरेज उघडून पाहिले. एकूण 32 जीबीपैकी एक जीबीही जागा शिल्लक नव्हती. फोनमधील साठवणुकीला नवीन माहिती लिहिण्यासाठी आधी जुने कप्पे पुसून मोकळे करावे लागतात. मोकळी जागा संपत आली की ही उठाठेव प्रत्येक लहानसहान कामात आडवी येते आणि साधा फोटो काढतानाही कॅमेरा अडकून बसतो. माझ्या मते 32 जीबीच्या फोनमध्ये किमान चार-पाच जीबी जागा कायम मोकळी असावी.

ही जागा बहुतेक वेळा व्हॉट्सॲपने व्यापलेली असते. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि तेथे ‘मॅनेज स्टोरेज’ उघडल्यास अनेकदा फॉरवर्ड झालेल्या आणि 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या काढून दाखवल्या जातात. मामांच्या फोनमध्ये कापसाच्या भावाच्या तीन ग्रुपांवरील तेच ते व्हिडिओ तीन-तीनदा उतरलेले होते, सुप्रभातची चित्रे तर मोजण्यापलीकडे होती, आणि त्यांच्यातच कानबाईच्या मिरवणुकीचे घरचे व्हिडिओ मिसळलेले होते. म्हणून सगळे एकदम निवडून पुसू नये. ठेवण्याजोगे आधी संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. ‘स्टोरेज अँड डेटा’च्या पानावरील आपोआप डाउनलोडची सोय बंद केली नाही, तर महिनाभरात गाडी मूळपदावर येते.

गूगल फोटोजमध्ये दोन गोष्टींची गल्लत होते. ‘फ्री अप स्पेस’ या पर्यायाने, ज्यांचा बॅकअप झालेला आहे अशा फोटोंची केवळ फोनमधील प्रत निघते. परंतु बॅकअप झालेला फोटो साध्या डिलीटने काढल्यास तो दोन्हीकडून जातो. शिवाय पुसलेले फोटो काही काळ ट्रॅशमध्ये पडून राहतात, त्यामुळे ती टोपली रिकामी केल्याशिवाय जागा मिळेलच असे नाही.

यानंतर न वापरलेली ॲप काढून टाकावीत. फोनसोबत आलेली जी ॲप निघत नाहीत, त्यांतली बरीचशी ‘डिसेबल’, म्हणजे निष्क्रिय, करता येतात. ‘बूस्टर’ किंवा ‘क्लीनर’ नावाची ॲप मात्र मुळीच घेऊ नयेत. ती स्वतःच मेमरी खातात आणि वर जाहिराती दाखवतात. दर पाच मिनिटांनी सगळी ॲप सरकवून बंद करण्याच्या सवयीनेही वेग वाढत नाही, उलट तेच ॲप पुन्हा मुळापासून सुरू करताना अधिक वेळ आणि बॅटरी खर्च होते. मामांना ही गोष्ट पटवताना चहाचे दोन कप संपले.

अँड्रॉइड फोनमध्ये आणखी एक उपाय आहे. ‘अबाउट फोन’मधील ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारल्यास ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ खुले होतात (काही फोनांत हा क्रमांक थोडा आत दडलेला असतो). तेथील विंडो, ट्रान्झिशन आणि ॲनिमेटर ही तिन्ही प्रमाणे (‘स्केल’) 1 वरून 0.5 वर आणावीत. याने प्रोसेसर वेगवान होत नाही, केवळ पडद्यावरील हालचालींचा वेळ निम्मा होतो. तरीही हाताला फरक लगेच जाणवतो. तेथील इतर कशालाही हात लावू नये.

एवढे करूनही फोन रेंगाळत असेल किंवा 20-30 टक्के चार्ज असताना अचानक बंद पडत असेल, तर बॅटरीकडे पाहावे. जुन्या लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज वाहण्यास आतून होणारा अडथळा, वाढतो आणि जड काम येताच तिचा व्होल्टेज कोसळतो. असे अचानक बंद पडणे टाळण्यासाठी जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग मुद्दाम कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर 2017 मध्ये मान्य केले होते आणि पुढे 2018 मध्ये बॅटरीची स्थिती पाहण्याची सोय दिली. तेथे कमाल क्षमता 80 टक्क्यांखाली दिसल्यास बॅटरी बदलणे योग्य ठरते. कोणत्याही फोनची पाठ फुगून उचललेली दिसल्यास तो ताबडतोब बंद करावा, दाबू नये, टोचू नये आणि थेट जाणकार कारागिराकडे न्यावा.

फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोनमधील सगळे पुसून तो नव्यासारखा करणे, हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप झाल्याची खात्री करावी आणि गूगल खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून जवळ ठेवावा, कारण काही प्रकारच्या रीसेटनंतर फोन तेच खाते मागतो आणि पासवर्ड आठवला नाही तर उघडतच नाही. यूपीआय ॲप नव्याने जोडताना त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो, तेव्हा बँकेला जोडलेले सिम फोनमध्ये असावे आणि त्यात रिचार्ज असावा. जुनी सगळी ॲप एकदम परत आणू नयेत. जे ॲप लागेल तेच, लागेल तेव्हा घ्यावे. मामांच्या फोनवर ही वेळ आली नाही. नऊ जीबी मोकळे झाल्यावर त्यांनी पहिला फोटो आमच्या कूलरचा काढला आणि फोन गावी परत नेताना पिशवीत, टॉवेलच्या घडीत ठेवला.