फोटोंचा डोंगर एक्सटर्नल ड्राइव्हवर हलवायचाय? कट-पेस्ट करू नका

डिस्क फुल झाल्याचा मेसेज रोज यायला लागला की आपण काय करतो, तर एक ड्राइव्ह आणतो, जोडतो, फोटोंचा फोल्डर कट करतो आणि तिकडे पेस्ट मारून जेवायला जातो. मीही तेच केलं होतं. परत येऊन लॅपटॉप जरा सरकवला, केबलला धक्का लागला आणि ड्राइव्ह गायब. पुन्हा जोडून बघतोय तर काही फोल्डर इकडे, काही तिकडे, आणि मधल्या चाळीसेक फोटोंचा वरचा भाग दिसतोय, खाली नुसता राखाडी पट्टा. ते फोटो गेले ते गेलेच.

झालं काय, तर एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कट-पेस्ट केलं की फाइल उचलून तिकडे ठेवली जात नाही, आधी तिची कॉपी होते आणि मग मूळची डिलीट होते. हे डिलीट कधी करायचं ते कॉम्प्युटरवर का सोडायचं? म्हणून फक्त कॉपी करा, जुनं सगळं जागेवर राहू द्या, ते उडवायचं अगदी शेवटी.

पण कॉपीच्याही आधी एक गोष्ट बघा, जी बरेच जण बघत नाहीत. फोटो खरंच तुमच्या मशीनवर आहेत का? आयक्लाउड चालू असेल आणि 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' निवडलेलं असेल तर मॅकवर बऱ्याच फोटोंच्या नुसत्या छोट्या आवृत्त्या असू शकतात, ओरिजिनल सगळे वर क्लाउडमध्ये. वनड्राइव्हचंही तेच, फाइलच्या बाजूला ढगाचं चिन्ह दिसत असेल तर ती फाइल तुमच्याकडे नाहीये, नुसतं नाव आहे. तिथे फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा, जागा पुरत नसेल तर एकेक फोल्डर उतरवून कॉपी करत जा. मॅकवर जागाच नसेल तर आधी फोटोज ॲपची लायब्ररी बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि मग तिथे 'डाउनलोड ओरिजिनल्स' चालू करा, ते कसं ते खाली सांगतो.

ड्राइव्ह किती मोठा घ्यावा? आत्ता फोटो जेवढे आहेत त्याच्या निदान दुप्पट. आणि १ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसला तर फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका, बनवणारे १००० ने मोजतात आणि विंडोज १०२४ ने, एवढंच आहे ते.

फॉरमॅटचं (ड्राइव्हवर फाइली कशा मांडल्या जातात ती पद्धत) मात्र आधीच ठरवा, कारण नंतर बदलायचं म्हटलं की ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लावायचा असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहू देत नाही. फॅट३२ नकोच, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि लांबलचक व्हिडिओ आला की कॉपी अडकते. ॲपलच्या फोटोज ॲपची लायब्ररी ठेवणार असाल तर एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्सटेंडेडच लागतं, आणि तो टाइम मशीनचा (मॅकच्या बॅकअपचा) ड्राइव्ह नको.

आता वेळ. ५०० जीबी फोटो जुन्या यूएसबी २ पोर्टमधून पाठवले तर सेकंदाला ३०-३५ एमबीच्या आसपास जातात, म्हणजे ४ तास तरी धरा. तेच यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये (बहुतेक वेळा आतून निळा असतो) साधी हार्ड डिस्कसुद्धा १००-१२० देते, दीड तासाच्या आत काम. हे झालं कागदावर, लाखभर छोट्या फाइल असल्या की वेग पडतोच, स्क्रीनवर 'अजून ५ मिनिटं' दिसतं आणि ती पाच मिनिटं तासभर चालतात, त्याने घाबरून केबल काढू नका. चार्जर लावून ठेवा, स्लीप बंद करा, हब मध्ये न घालता थेट जोडा. आणि लॅपटॉप मांडीवर नको, टेबलावर (हे मी अनुभवाने सांगतोय).

साधे फोल्डर असतील तर सगळं एका दमात न पाठवता वर्षाप्रमाणे पाठवा. २०१५ झालं, तपासलं, मग २०१६. अडकलं तरी कुठे अडकलं ते कळतं. विंडोजवर टेराकॉपीसारखं कॉपी करायचं सॉफ्टवेअर घेतलं तर कॉपीनंतर व्हेरिफाय करायची, म्हणजे फाइली जुळतात का बघायची, सोय असते, ती चालू ठेवा, वेळ जास्त लागतो पण माझ्यासारखी राखाडी पट्ट्याची कथा होत नाही. जाता जाता साफसफाई, डुप्लिकेट काढणं, फोल्डरची नावं बदलणं हे आत्ता अजिबात नको, नाहीतर शेवटी आकडे जुळत नाहीत आणि का जुळत नाहीत तेही कळत नाही.

फोटोज ॲपवाल्यांनी लायब्ररीच्या आत घुसून फोटो बाहेर ओढू नयेत. ॲप बंद करा, पिक्चर्स फोल्डरमधली फोटोज लायब्ररी ही अख्खी फाइल ड्राइव्हवर ड्रॅग करा. मग ऑप्शन बटण दाबून धरून ॲप उघडा, ते कुठली लायब्ररी विचारतं, नवी निवडा. आयक्लाउड वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये 'यूज ॲज सिस्टम फोटो लायब्ररी' करा, मघाशी म्हटलं ते 'डाउनलोड ओरिजिनल्स' त्यानंतर.

लाइटरूम क्लासिक हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची गंमत वेगळी. फोटो त्याला न सांगता हलवले की सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात. पण त्याच्या आतून फोल्डर ओढला तर तो कॉपी नाही, मूव्ह होतो, म्हणजे पुन्हा तेच कट-पेस्ट. मी असं करतो: बाहेरून कॉपी करायची, जुन्या फोल्डरच्या नावापुढे 'जुना' जोडायचं म्हणजे लाइटरूमला तो सापडत नाही, मग 'फाइंड मिसिंग फोल्डर' करून नवा दाखवायचा. कॅटलॉग (लाइटरूमची फोटोंची नोंदवही) मात्र लॅपटॉपवरच ठेवा, पटकन उघडतो. आणि फोटोंच्या शेजारी एक्सएमपी नावाच्या बारक्या फाइली असतील तर त्या कचरा समजून मागे सोडू नका, केलेलं एडिटिंग त्यात असू शकतं.

तपासताना दोन्हीकडच्या फोल्डरची प्रॉपर्टीज उघडा आणि फाइलची संख्या आणि 'साइझ' जुळवा. खालचा 'साइझ ऑन डिस्क' बघू नका, तो फॉरमॅटप्रमाणे बदलतो आणि उगाच जीव टांगणीला लागतो. दोन-चार फाइलचा फरक लपलेल्या सिस्टम फाइलींमुळेही येतो, पण शंभरचा आला तर शोधा. मॅकवरून एक्सफॅटवर टाकताना नावात प्रश्नचिन्हासारखी चिन्हं असलेल्या फाइली अडू शकतात, आधी तिथे बघा. मग सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे वीसेक फोटो नव्या ड्राइव्हवरून पूर्ण मोठे करून बघा, थंबनेलवर विश्वास नको. व्हिडिओ शेवटापर्यंत ओढून बघा.

कॉपीनंतर तारखा आजच्या दिसल्या तर दचकू नका. विंडोजमध्ये 'क्रिएटेड' बदलते, कॅमेऱ्याने घातलेली तारीख फोटोच्या आतच राहते. अपवाद व्हॉट्सॲपच्या फोटोंचा, त्यात आतली तारीख बहुतेक नसतेच, अँड्रॉइडवर फाइलच्या नावातले आठ आकडे हीच काय ती तारीख, म्हणून ती नावं कधी बदलू नका.

ड्राइव्ह काढताना इजेक्ट करूनच काढा. दुसऱ्या दिवशी परत जोडा, पुन्हा काही फोटो उघडा. आणि लॅपटॉपवरचं डिलीट करण्याआधी हेच सगळं दुसऱ्या एका ड्राइव्हवर घ्या, कारण लॅपटॉपवरून उडवल्यावर हा ड्राइव्ह बॅकअप राहत नाही, तोच ओरिजिनल होतो, आणि तो पडला की संपलं.

एवढं झाल्यावरही मी जुना फोल्डर तीनेक आठवडे ठेवतो. डिलीट करताना वनड्राइव्हचा फोल्डर असेल तर सावध, तिथून उडवलं की क्लाउडमधूनही जातं, त्यापेक्षा राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' करा. मॅकवर जुनी लायब्ररी फाइंडरमधून ट्रॅशमध्ये टाका, फोटोज ॲपच्या आत बसून फोटो उडवत बसू नका, आयक्लाउड चालू असेल तर फोनमधूनही जातील. मग रिसायकल बिन किंवा ट्रॅश रिकामा करा, जागा तेव्हाच मोकळी होते.