आईच्या आधी त्याला विचारा

दिव्यांग व्यक्तींच्या कुटुंबांसोबत काम करायला लागून मला चौदा वर्षं झाली. या कामात नव्यानं येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेकदा कायद्याचा असतो. कायदा यायलाच हवा. पण मी त्यांना आधी माझी एक चूक सांगते.

पहिल्याच वर्षी एक कुटुंब माझ्याकडे आलं. बावीस वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नाही, व्हीलचेअरवर, तोंडानं बोलता येत नाही. आई-वडील पार थकलेले. दिवसा सांभाळणाऱ्या एका केंद्रात त्याला जागा मिळावी म्हणून केलेला अर्ज दोनदा फेटाळला गेला होता. मी इरेला पेटले. सहा महिने पत्रं, अपील, बैठका, आणि शेवटी जागा मिळाली. सांगायला घरी गेले. त्याच्या पुढ्यात त्याचा चित्रांचा फलक होता. आई म्हणाली, "बघ, ताईंनी तुझं काम केलं." त्याची मूठ फलकावरून हळूहळू सरकत गेली आणि एका चौकटीवर थांबली. 'नको.'

घरी येऊन मी फाइल पुन्हा वाचली. आईचं म्हणणं होतं, वडिलांचं होतं, डॉक्टरांचं होतं. त्याचं एक वाक्यही नव्हतं. मी त्याला विचारलंच नव्हतं.

पुढे चार-पाच भेटींत उलगडलं की त्याला केंद्राबद्दल तक्रार नव्हती. त्याचा फलक वाचता न येणाऱ्या माणसांमध्ये दिवसभर बसायची त्याला भीती वाटत होती. मग तिथल्या दोन जणींना फलक शिकवला आणि आठवड्यातले तीनच दिवस ठरवले. आईला हवी असलेली विश्रांती तीन दिवसांवर आली, आणि तिला ते सोपं गेलं नाही. आईचा थकवा खरा होता आणि त्याचा नकारही खरा होता. आपल्या कामाचा सगळ्यात अवघड भाग हाच आहे: कुटुंबाची बाजू लढवताना त्याच घरातल्या त्या माणसाची बाजू हातातून सुटू द्यायची नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेला अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार याच कारणासाठी नव्या माणसानं सावकाश वाचावा. अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला आई-वडिलांपासून तोडता येणार नाही, मग अपंगत्व मुलाचं असो वा पालकांचं, असं कलम २३ सांगतं. गरिबीत राहणाऱ्या कुटुंबांना प्रशिक्षण, समुपदेशन, आर्थिक मदत आणि काळजीवाहकांना थोडी उसंत देणारी सेवा मिळावी, हे कलम २८ मध्ये आहे. आणि कलम १२ म्हणतं की कायद्यापुढे ती व्यक्ती इतरांच्या बरोबरीची आहे. करारावर देखरेख करणाऱ्या समितीच्या २०१४ मधल्या निवेदनानं ते आणखी स्पष्ट केलं: प्रौढ माणसाच्या 'भल्याचं' काय ते दुसऱ्यांनी ठरवू नये, त्याची इच्छा आणि पसंती काय असेल याचा शोध घ्यावा. या तीन कलमांची कधीकधी एकाच घरात ओढाताण होते. ती झाली की एक कलम विसरून जायचा मोह होतो, तो टाळा.

आता पहिल्या भेटीबद्दल. फॉर्म पिशवीतच ठेवा. या घरानं निदान झाल्यापासून तीच कहाणी कितीतरी जणांना सांगितलेली असते, गरोदरपणापासून सुरू होणारी. रिपोर्टांच्या प्रती मागून घ्या, तारखा त्यातून काढा. तोंडी एवढंच विचारा की कालचा दिवस कसा गेला. सकाळी कोण उठवतं, अंघोळ कोण घालतं, जेवायला किती वेळ लागतो, रात्री कितीदा उठावं लागतं. 'तुमच्या गरजा काय' असं विचारलं तर माणसं कार्यालयात सांगायची उत्तरं देतात. कालचा दिवस विचारला की अंघोळीच्या वेळी आईची पाठ धरते हे कळतं, आणि न्हाणीघरात एक पकडदांडा हवा हेही कळतं.

सुरुवात मात्र त्या व्यक्तीपासून करा. नाव घेऊन नमस्कार करा, डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा, प्रश्न तिला विचारा आणि थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. खूप वेळा सातव्या-आठव्या आकड्याला उत्तर येतं, एखाद्या नजरेत, आवाजात, मान वळवण्यात. दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यालाच कुणी घरचं उत्तर देऊन टाकतं, प्रेमानंच देतं. तेव्हा घरच्यांकडे बघून हसा, पण मान त्या व्यक्तीकडेच ठेवा. तिला स्वतःसाठी कोणता शब्द चालतो, अपंग, दिव्यांग की आणखी काही, तेही तिलाच विचारून घ्या.

नवी मुलं अहवालात एक वाक्य हमखास लिहितात: 'पालकांनी वास्तव स्वीकारलेलं नाही.' ते वाचलं की मला राग येतो. अशा पालकांसोबत काम केलेल्या सायमन ओल्शान्स्की या अमेरिकन लेखकानं १९६२ मध्येच लिहून ठेवलंय की बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांचं दुःख संपत नाही, ते आयुष्यभर अधूनमधून वर येतं आणि हे स्वाभाविक आहे. बरोबरीची मुलं शाळेत जायला लागतात तेव्हा येतं, धाकटं भावंड पुढे निघून जातं तेव्हा येतं, अठरावं लागतं तेव्हा येतं. एका वडिलांनी मुलीचा लहानपणीचा बूट कपाटातून काढून मला दाखवला होता. तळवा एकदम कोरा, कारण ती कधी चाललीच नव्हती. त्याच माणसानं त्या आठवड्यात रॅम्पसाठी तीन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. त्यांनी काय स्वीकारायचं राहिलं होतं? अशा वेळी जे पाहिलं तेच लिहा. 'वडील रडले, नंतर रॅम्पच्या अर्जावर सही केली.' निष्कर्ष काढायची गरज नसते.

काळजीवाहकांवरचा ताण मोजायला अमेरिकन संशोधक झॅरिट यांची प्रश्नावली जगभर वापरतात. ती १९८० मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या घरच्यांसाठी तयार झाली. आता सहसा तिचं बावीस प्रश्नांचं रूप वापरलं जातं. आकडा अर्जात उपयोगी पडतो, हे खरं. पण ती भरताना माणूस मोकळा होतो, फुटतो. हातात तासाभराची मदतही देण्यासारखी नसेल तर त्या दिवशी ती काढू नका.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण हे शिकायला सोपं आहे आणि सगळ्यात जास्त हरतो आपण इथेच. मूळ कागद कुणालाही देऊ नका. फोन झाला की तारीख, वेळ, कोण बोललं, काय म्हणालं, कधीपर्यंत कळवणार, हे तिथल्या तिथे लिहा आणि त्याच दिवशी 'आपलं असं बोलणं झालं' म्हणून लेखी पाठवा. नकार नेहमी लेखी मागा, कोणत्या नियमाखाली ते विचारा, आणि अपिलाची शेवटची तारीख त्याच पानावर मोठ्या अक्षरात टाका. एका घराचं अपील माझ्यामुळे चार दिवसांनी हुकलं, कारण तारीख मी पत्राच्या दिवसापासून न मोजता पत्र हाती आलं त्या दिवसापासून मोजली. त्या मुलीला थेरपीसाठी पुन्हा सुरुवातीपासून रांगेत उभं राहावं लागलं.

बैठकीला जाताना कुटुंबाशी आदल्या दिवशी बसा. मागण्या तीनच ठरवा, कुणी कोणती मांडायची तेही ठरवा. तुमच्या वाट्याला शक्यतो एकही घेऊ नका. खुर्ची त्यांच्या शेजारी घ्या. समोर ठेवलेल्या कागदावर तिथेच सही करायची नाही, 'वाचून कळवतो' म्हणायचं, हे आधीच पक्कं करा. आईचा आवाज चढला तर तिला गप्प करू नका. पाच मिनिटांची सुट्टी मागा. अशा चढलेल्या आवाजांनीच मोठे बदल झालेत. पेनसिल्व्हेनियात पालकांच्या संघटनेनं १९७१ मध्ये राज्याविरुद्ध दावा लावला, कारण बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना शाळेची दारं बंद होती. त्यातून मुलांना शिक्षण देणं राज्यावर बंधनकारक झालं आणि १९७५ मध्ये अमेरिकेत सगळ्या अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. म्हणून नव्या घराची जुन्या घराशी गाठ घालून द्या. दहा वर्षं या वाटेवर चाललेली आई जे सांगते ते कुठल्या अभ्यासक्रमात मिळत नाही.

भावंडांना वेगळं भेटा. घरात ती शहाणी असतात, फार लवकर शहाणी होतात. 'आमच्या माघारी याचं काय?' हा प्रश्न आई-वडील जेव्हा तुम्हाला विचारतात तेव्हा बहुतेकदा दाराआड ते भावंड उभं असतं आणि उत्तर आपणच आहोत असं धरून चालतं. त्याला शिकायचंय का, बाहेर पडायचंय का, किती जबाबदारी घ्यायचीय, हे कुणीतरी विचारायला हवं. भविष्याचा आराखडा त्याला आणि त्या व्यक्तीला दोघांनाही सोबत घेऊन करा, आणि आई-वडील धडधाकट असतानाच करा.

एक सवय मी त्या पहिल्या घरानंतर लावून घेतली. प्रत्येक फाइलीचं पहिलं पान त्या व्यक्तीचं असतं: मला काय आवडतं, 'हो' आणि 'नाही' मी कसं सांगतो, मला उचलताना कुठे धरायचं, काय केलेलं मला चालत नाही. काम संपलं की फाइल घरी देऊन टाकते, माझ्याकडे प्रत राहते.

त्या मुलाचं पान आम्ही शेवटच्या भेटीत वाचून दाखवलं. 'गाणी आवडतात' या ओळीवर त्यानं मूठ आपटली. आईला वाटलं खूश झाला. मी दहा मोजले. मूठ फलकावर गेली, 'सकाळ' वर थांबली, मग 'नाही' वर. आम्ही ती ओळ खोडली आणि लिहिलं: गाणी आवडतात, पण सकाळी नाही. आई म्हणाली, "अरे, बावीस वर्षं मी रोज सकाळी रेडिओ लावतेय."